दारव्ह्याची पीडीएफवाली

आमच्याकडे आसपासच्या दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि त्या केंद्राचा मोबाईलवर एक ग्रुप असतो. वरून कुठलीही माहिती मागवतात ती पीडीएफमध्येच मागवतात, आणि पीडीएफ करणं म्हणजे काहीतरी ऑपरेशन आहे अशी आमच्यातल्या निम्म्या लोकांची समजूत आहे. त्यामुळे आम्ही माहिती वर्डमध्ये टाइप करतो, फाइल ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, ‘सर, पीडीएफ करून द्या ना.’ ग्रुपमध्ये एक तंत्रस्नेही सर आहेत. ते बिचारे जेवता जेवता ती फाइल उतरवून घेतात, कुठल्यातरी फुकटच्या वेबसाइटवर चढवतात आणि तयार पीडीएफ परत ग्रुपवरच टाकतात. लगेच वीस जण हात जोडलेली चित्रं पाठवतात. अशा रीतीने कोणाच्या शाळेत ताटं कमी आहेत, कोणाच्या शौचालयाचं दार तुटलं आहे आणि कोणत्या बाईंची बाळंतपणाची रजा कधी सुरू होते, हे आमच्या केंद्रात सगळ्यांना तोंडपाठ असतं.

मी या सवयीला नावं ठेवायचे आणि तीच सवय पाळायचे. माझा लॅपटॉप जुना. त्यातलं वर्ड इतकं जुनं की पीडीएफ नावाची काही चीज जगात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र माझ्याकडे एक अशी फाइल होती, की ती त्या ग्रुपवर गेली असती तर मी पुन्हा शाळेची पायरी चढले नसते.

मला नैराश्याचा आजार झाला होता. हे वाक्य आज मी सरळ लिहिते. तेव्हा मला ते आरशासमोरही म्हणता येत नव्हतं. नवरा नोकरीसाठी यवतमाळला, मुलगी पुण्यात शिकायला आणि मी बोरी अरबला एका भाड्याच्या खोलीत, अशी आमची विभागणी कित्येक वर्षं चालली होती. त्या हिवाळ्यात मला झोप येईनाशी झाली, मग भूक लागेनाशी झाली, मग शाळेत जायला चप्पल घालणंसुद्धा मोठं काम वाटायला लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि नवऱ्याला बाजूला न बोलावता माझ्यासमोरच सांगितलं, “यांना एकटं राहू देऊ नका.” म्हणजे बदली हवी. बदलीचा अर्ज पोर्टलवर भरायचा, त्यात आजाराचं कारण निवडायचं, आणि सोबत स्वतःच्या शब्दांतलं निवेदन आणि डॉक्टरांचे कागद असं सगळं मिळून एकच पीडीएफ जोडायची.

निवेदन मी एका सकाळी एका बैठकीत टाइप केलं. पुन्हा वाचलं नाही. डॉक्टरांच्या कागदांचे फोटो त्याच फाइलमध्ये खाली चिकटवले. सुट्टी लागली होती, तरी शाळेची उरलेली कामं उरकायला मी दोन दिवस बोरीलाच होते. शेवटच्या तारखेला, दुपारी बारा-साडेबाराला, जेवणाचा डबा समोर उघडा ठेवून मी ती फाइल मोबाईलवर घेतली आणि हाताला लागलेल्या सवयीने केंद्राच्या ग्रुपवर टाकली. खाली ‘सर, पीडीएफ करून द्या ना’ हेही लिहिलं.

बोरीतल्या माझ्या खोलीत नेटवर्क कधी धड नसायचं. फाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं. मी त्याच्याकडे बघत एक घास खाल्ला आणि दुसरा घास हातात असताना माझ्या लक्षात आलं की मी काय केलं आहे. उष्ट्या बोटानेच मी त्या चक्रातली फुली दाबली. फाइल गेली नव्हती. चक्र तसंच अर्धवट राहून गेलं. वर्षानुवर्षं ज्या नेटवर्कला मी शिव्या घातल्या, त्याला त्या दिवशी मी मनापासून हात जोडले. मग डबा तसाच झाकून ठेवला.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी कधीतरी म्हटलं होतं, “दारव्ह्याले तहसीलपाशी एक पीडीएफवाली बाई हाये. तिच्यापाशी कागद गेला म्हनजे आपल्याच पेटीत रायला.” तेव्हा मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आता तेच आठवलं. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि दारव्ह्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्या बायका डोळे सोडून सगळं झाकूनच फिरतात, त्यामुळे लपून जाणाऱ्या बाईची मोठी सोय होते. शेजारी बसलेल्या माझ्याच एका विद्यार्थ्याच्या आजीने मला ओळखलं नाही.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दाराशेजारी खसच्या ताट्यांचा कूलर, आत कापडाने झाकलेली दोन जुनी टाइपरायटरं, एक झेरॉक्सचं मशीन आणि एकच संगणक. भिंतीवर बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर. पीडीएफवाली माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. सुती साडी, चष्मा, आणि चष्म्याला दोरी. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्ज छापत होती. छापून झाल्यावर तिने कागद पालथा करून त्यांच्या हातात दिला. मला ते लगेच दिसलं, पण मी आधीच भांडायच्या तयारीने गेले होते. भीती वाटली की मला राग येतो. लहानपणापासूनचं आहे.

ते गृहस्थ गेल्यावर मी स्कार्फही न सोडता विचारलं, “तुम्ही पीडीएफ कोणत्या वेबसाइटवर चढवून करता?”

“चढवत नाही जी,” ती म्हणाली.

“न चढवता कशी होते? पाट्यावर वाटता का?”

ती हसली. हसताना तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “वेबसाइट हाये मॅडम. पन फाइल तिच्याकडे जात नाही, तेच आपल्याकडे येते.” आणि मला मॅडम म्हणाली. स्कार्फमधूनही शिक्षिका ओळखू येते, हे मला तेव्हा कळलं. बहुधा माझ्या प्रश्न विचारण्यावरून.

मी म्हटलं, मला पटत नाही. ती म्हणाली, मलेही पटलं नव्हतं. आणि मग तिने जे सांगितलं ते मी उभ्याउभ्या ऐकलं, बसायचं विसरून.

झालं असं होतं, की पूर्वी तीही सगळ्यांसारखीच लोकांच्या फाइली कुठल्याकुठल्या वेबसाइटवर चढवायची. मनाला ते खायचं. मग कोणीतरी तिला हे एक पान दाखवलं, त्यावर लिहिलं होतं की तुमची फाइल तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. लिहायला काय, कोणीही लिहितं, म्हणून तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. एक दिवस त्याच पानावर कोणाचातरी साधा अर्ज टाकला असताना इंटरनेट गेलं. आता गेलं काम, असं म्हणून ती उठणार, तेवढ्यात पीडीएफ तयार होऊन समोर आली. ती घाबरलीच. नेट नाही, तर हे केलं कोणी?

दुसरी कोणी असती तर तिने कपाळाला हात लावून पुढचं गिऱ्हाईक घेतलं असतं. हिने आठवडाभर त्या पानाची परीक्षा घेतली. लोकांचे कागद यासाठी वापरायचे नाहीत, म्हणून तिने सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, कृती टाइप केली आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर तीच कृती पीडीएफ करून पाहिली. एकदा नेट चालू ठेवून, एकदा पान उघडल्यावर नेट बंद करून, एकदा पान उघडायच्या आधीच बंद करून. पान उघडायच्या आधी बंद केलं तर काहीच होत नाही. पान एकदा पूर्ण उघडलं की मग नेट काढून घेतलं तरी काम होतं. यावरून तिने स्वतःच्या डोक्याने काढलं, की करणारा जो काही कारागीर आहे तो पान उघडताना आपल्या संगणकात येऊन बसतो, आणि मग घरच्या घरी काम करतो. वेब ब्राउझर म्हणजे दुसऱ्याची खिडकी, असं आपण समजतो. तिने शोधून काढलं की ती आपलीच खोली आहे.

मी वीस वर्षं पोरांना प्रयोग करून बघा, प्रयोग करून बघा असं सांगत आले. आमच्या त्या ग्रुपमध्ये बीएस्सी, बीएड झालेले किमान आठ जण आहेत आणि त्यातल्या एकानेही, माझ्यासकट, असा एक प्रयोग केलेला नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःचा थोडा रागही आला.

“द्या पेनड्राइव्ह,” ती म्हणाली. मी दिला नाही. मुठीत धरून ठेवला. तिने ते पान उघडलं, ते पूर्ण उघडेपर्यंत थांबली, मग टेबलाखाली वाकून इंटरनेटची निळी वायर संगणकातून उपटून काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.

“धरा. काम होऊपर्यंत सोडू नका.”

मी एका हातात वायर आणि दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह धरून उभी. काय ध्यान दिसत असेन! “सगळ्यांनाच धरायला लावता?” मी विचारलं.

“ज्यायले भेव वाटते त्यायले. हातात असली म्हनजे बरं वाटते मानसाले.”

मला खरंच बरं वाटलं. एवढ्याशा वायरीने बरं वाटावं याची लाज वाटली नाही. मी पेनड्राइव्ह पुढे केला.

तो लावता लावता तिने सांगितलं, की कागद जपायचं हे वळण तिच्या वडिलांचं आहे. वडील याच तहसीलसमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांच्या घराण्यात कागदाशी संबंध आलेला पहिला माणूस तो. त्यांच्याकडे एक रीत होती. अर्ज टाइप झाला की मूळ प्रत, खालची प्रत, आणि मधला कार्बनसुद्धा ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. बाकीचे टायपिस्ट एक कार्बन झिजेपर्यंत वापरायचे आणि यांना हसायचे. नव्या कार्बनवर एकदाच टाइप केलं तर उजेडात धरून सगळं वाचता येतं, म्हणून ज्याचा मजकूर त्याचा कार्बन, असं त्यांचं म्हणणं. “बाबा म्हनत, आपल्यापाशी लोक बोट ठेवून वाचून घ्यायले येतात. त्यायनं बोट जिथं ठेवलं, तिथलं आपुन मनात नाही ठेवाचं.” तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, मोठेपणा म्हणून नाही. माझ्या ओळखीतल्या किती शिकलेल्या माणसांच्या घरात अशी रीत आहे, याचा मी विचार केला आणि मोजायला एक बोटही लागलं नाही.

फाइल तिने त्या पानावर ओढून सोडली. नेट माझ्या मुठीत. पडद्यावर एक रेघ हळूहळू पुढे सरकली आणि पीडीएफ उघडली. ती उघडताच तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि म्हणाली, “तुमीच पाहा.”

मी पाहिलं. सगळं निवेदन इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि आकडे यांचा काला झालं होतं. मी शाळेच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं आणि तो फॉन्ट त्या पानाला ठाऊक नव्हता. “ताई,” मी म्हटलं, “याच्याइतकं गुप्त तर काहीच असू शकत नाही. असंच पाठवून देऊ.” ती भिंतीकडे तोंड करूनच हसली. मग वळली, तिच्या संगणकात जपून ठेवलेल्या जुन्या फॉन्टांमधून तो शोधला आणि त्या पानाला जोडून दिला. तोही आतल्या आतच, वायर न लावता. पुन्हा फाइल टाकली, पुन्हा खुर्ची फिरवली. आता मराठी आली होती. पण मधूनमधून एखादं अक्षर गळालं होतं, एखादी मात्रा शेजारच्या शब्दावर जाऊन बसली होती.

“एकदा पुरं वाचून घ्या,” ती म्हणाली. “कुठं गळालं ते सांगा. मी सुधारून देते.”

तीन वाजून गेले होते. पोर्टल पाचला बंद होणार होतं. मी वाचायला सुरुवात केली. पहिले तीन परिच्छेद वाचले आणि चौथ्यापाशी थांबले.

चौथ्या परिच्छेदात मी फेब्रुवारीतल्या एका दिवसाबद्दल लिहिलं होतं. त्या दिवशी मी चौथीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिली, खडू ठेवला आणि वर्गातून बाहेर पडले. कुणाला काही बोलले नाही. चालत चालत फाट्यावर गेले आणि बसथांब्याच्या बाकावर बसले. बसेस आल्या आणि गेल्या. मी कुठल्याच बसमध्ये चढले नाही. उठून परत जावं असंही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं, तोच आजार. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी परत आले तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं वर्गात बसलेली होती. आमची शाळा दोन शिक्षकांची आणि दुसरे सर त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून शाळेतली सगळी पोरं माझ्याच वर्गात. पोरांनी स्वतःच हजेरी घेतली होती, स्वतःच पाढे म्हटले होते, खिचडी खाऊन ताटं धुऊन परत ओळीने बसली होती. मी दारात आले तेव्हा ती उभी राहिली आणि रोजच्यासारखं ‘एक साथ नमस्ते’ म्हणाली.

हे मी लिहिलं होतं. ते परत वाचणं मला जमेना. तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा ‘खडू ठेवला’ याच्यापुढे डोळे जाईनात.

“होत नाही,” मी म्हटलं.

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “मॅडम, मले पाहा लागन मंग. चालन का? मी वाचत नाही, नुसती अक्षरं पाहते. खालून वर.”

मला समजलं नाही. तिने समजावून सांगितलं. खाजगी मजकूर तपासायचा असला की तिचे वडील शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायचे आणि उलटे वर जायचे. अक्षर चुकलं असेल तर दिसतं, पण गोष्ट लागत नाही. तिलाही त्यांनी तसंच शिकवलं. दहावीची परीक्षा झाल्यापासून ती हे करते आहे.

मी हो म्हटलं. तिने खुर्ची पुढे घेतली, एक लाकडी पट्टी पडद्यावर आडवी धरली आणि पार खालून सुरुवात केली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझं निवेदन ‘तरी माझा विचार व्हावा ही विनंती’ इथे संपत होतं. तिच्यासाठी ते ‘विनंती’पासून सुरू झालं. विनंती, ही, व्हावा, विचार, माझा, तरी. जिथे अक्षर गळालं तिथे ती थांबायची, मूळ फाइलमध्ये ते दुरुस्त करायची आणि पट्टी एक ओळ वर सरकवायची.

मी वायर धरून तिच्या शेजारी उभी राहिले आणि पट्टीकडे बघत राहिले. गोळ्यांची नावं गेली. डॉक्टर गेले. बसथांबा गेला, मग वर्ग आला. मग न जेवलेले दिवस, त्यांच्या वर न झोपलेल्या रात्री, आणि सगळ्यात वर ‘मी गेली वीस वर्षे अध्यापन करीत असून मला माझे काम आवडते’. तिच्या पट्टीखाली मी ओळीओळीने बरी होत चालले होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ही बाई जी सगळ्यात वरच्या ओळीत आहे, ती मीच आहे आणि ती कुठे गेलेली नाही.

“झालं,” ती म्हणाली. तिने सुधारलेली फाइल पुन्हा पीडीएफ केली.

“काहीच नाही समजलं?” मी विचारलं. मला खोटं ऐकायचं नव्हतं.

तिने चष्मा काढला. “दोन-तीन शब्द समजतातच जी. डोळे हायेत ना. पन ते दुकानाबाहेर नाही जात.”

ती म्हणाली असती की काहीच समजलं नाही, तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. ती दोन-तीन शब्द म्हणाली म्हणून ठेवला.

मग मी वायर परत दिली. माझ्या तळव्यावर तिचा वळ उठला होता. पोर्टलवर अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला, पीडीएफ जोडली, आणि चार वाजून काही मिनिटांनी पडद्यावर पावती आली. बदली पुढे झाली. मी आता यवतमाळला नवऱ्याजवळ राहते, गोळ्या निम्म्या झाल्या आहेत आणि माझा राग पूर्वीसारखा ठणठणीत आहे.

त्या दिवशी पावती छापून तिने नेहमीप्रमाणे पालथी करून दिली. मग संगणकावरच्या माझ्या सगळ्या फाइली एका जागी आणल्या, माऊस माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “पुसा. कचराडब्बाही रिकामा करा. तुमच्या हातानं.”

मी माऊसवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. एक गोष्ट लक्षात आली होती. डॉक्टरांनी फक्त त्यांचे कागद दिले होते. नवऱ्याला मी वाचू दिलं नव्हतं, आणि त्यालाही ते वाचायची भीती वाटत होती. मलाही वाचता आलं नव्हतं. बदली करणारे तपासतील, शिक्का आहे की नाही ते बघतील. इतक्या कष्टाने लपवलेला हा कागद जगात कोणीच वाचलेला नव्हता.

“ताई,” मी म्हटलं, “पुसायच्या आधी एकदा वरून वाचाल का?”

“काहून?”

“कोणीतरी वाचलेलं असावं म्हणून.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग उठून दुकानाचं दार लोटलं, कूलरचा आवाज कमी केला आणि खुर्चीवर बसली. पट्टी घेतली नाही. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी पडद्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघत राहिले. चौथ्या परिच्छेदावर ती बराच वेळ थांबली. पुढे गेली, शेवटच्या ‘विनंती’पर्यंत पोचली, आणि परत चौथ्यावर आली.

“लेकरं पुरा दिवस बसून राह्यली?” तिने विचारलं.

“हो.”

“घरी जाऊन कोनालेच नाही सांगतलं?”

मी या बाजूने कधी विचारच केला नव्हता. तीन महिने झाले होते. एकही पालक शाळेत आला नव्हता. खिचडीच्या मावशींनीही कधी विषय काढला नव्हता. दुसऱ्या सरांना अजून माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझं नशीब.

“नाही,” मी म्हटलं. “कोणालाच नाही.”

“मंग मॅडम,” ती म्हणाली, “तुमी उगाच भेल्या. हा कागद अठ्ठावीस लेकरायनं माझ्याआधीच सांभाळून ठेवला हाये.”

मी तिथेच, दुकानातल्या एका स्टुलावर बसून रडले. फेब्रुवारीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला त्या वर्गाच्या दारात उभं राहिल्याची लाज वाटली नाही.